१/२ + १/३ = २/५ का नाही? मुलाला कसं समजावू?

इंदूरची_आई

नमस्कार सगळ्यांना. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, मुलगा सहावीत आहे, इंग्लिश मीडियम. गेले आठ दिवस घरात एकच विषय चाललाय, अपूर्णांकांची बेरीज. छेद सारखे असले की पठ्ठ्या धडाधड करतो, २/७ + ३/७ विचारलं की ५/७ तयार. पण छेद वेगळे आले की वरचे वर जोडतो, खालचे खाली जोडतो आणि मोकळा होतो. १/२ + १/३ = २/५. वहीत अशी सात गणितं, सातही चूक.

मी म्हटलं असं नाही करायचं, आधी एलसीएम (लसावि, म्हणजे दोन्ही छेदांनी भाग जाणारी सगळ्यात छोटी संख्या) काढायचा. तर म्हणतो का? मी म्हटलं रूल आहे. परत का? आणि मग त्याने मला जे दाखवलं त्यावर मला खरंच काही बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितेय. टेस्टची वही घेऊन आला. पहिल्या टेस्टमध्ये ७/१०, दुसऱ्यात १५/२०, आणि मॅमनी खाली लाल पेनाने टोटल लिहिलीय २२/३०. म्हणतो आई बघ, मॅमनी पण वरचे वर आणि खालचे खाली जोडलेत, १० आणि २० चा एलसीएम कुठे काढलाय? त्यांचं बरोबर आणि माझं चूक कसं?

आता सांगा, याला काय उत्तर द्यायचं?

ट्यूशनचे सर एक तितलीवाली (फुलपाखराची) पद्धत शिकवतात, तिरपा गुणाकार करून त्यांची बेरीज वर लिहायची, खाली खालच्यांचा गुणाकार, झालं. त्याने उत्तर येतं पण काय केलंस विचारलं तर "तितली काढली" एवढंच सांगतो. वरून शब्दांचा घोळ आहेच, शाळेत न्यूमरेटर डिनॉमिनेटर, ट्यूशनला अंश आणि हर, घरी सासूबाई अंश आणि छेद म्हणतात. त्याला वाटतं हर वेगळा आणि छेद वेगळा. शनिवारी टेस्ट आहे, पण टेस्टचं जाऊ द्या, त्याला हे आतून समजायला हवंय. कोणी नीट समजावून सांगाल का?


गणिताच्या_बाई

ताई, मी पण इंदूरचीच, ३० वर्षं शाळेत गणित शिकवलंय. पहिली गोष्ट, मुलाला अजिबात रागावू नका, मार्कांचा जो प्रश्न त्याने काढलाय तो फार खोल आहे आणि बऱ्याच मुलांची गाडी नेमकी तिथेच अडकलेली असते, फक्त ती बोलून दाखवत नाहीत.

मार्कांचं ७/१० म्हणजे "१० पैकी ७". पहिला पेपर १० चा, दुसरा २० चा, दोन्ही मिळून नवा मोठा ३० चा पेपर झाला आणि त्यात २२ मिळाले. म्हणजे इथे पूर्ण ज्याला म्हणतो तेच बदललं, आधी १० होतं, मग २०, शेवटी ३०. मॅमनी बरोबरच केलंय. पण आपण १/२ + १/३ लिहितो तेव्हा दोन्ही हिस्से एकाच वस्तूचे असतात, किंवा सारख्याच मापाच्या वस्तूंचे. पोळी एकच आहे. आधी तिची अर्धी खाल्ली, मग त्याच पोळीचा तिसरा हिस्सा खाल्ला. आता पोटात किती गेली, हा प्रश्न आहे. पोळी मधेच वाढून दोन पोळ्यांची होत नाही.

त्याला हे करून बघायला सांगा. ७/१० आणि १५/२० हे अपूर्णांक म्हणून जोड. १४/२० + १५/२० = २९/२०. हे उत्तर चूक नाही, पण याला मार्क म्हणता येईल का? २० पैकी २९ कोणाला मिळतात? म्हणजे लिहायची पद्धत दिसायला सारखी असली तरी मार्कांची टोटल आणि अपूर्णांकांची बेरीज ही दोन वेगळी कामं आहेत. हे त्याच्या तोंडून यायला हवं, तुम्ही सांगून टाकू नका.

मग २/५ वर या. विचारा, २/५ मोठा की १/२ मोठा? १० तुकड्यांची पट्टी काढा, अर्धी म्हणजे ५ तुकडे, २/५ म्हणजे ४ तुकडे. म्हणजे अर्धी पोळी खाल्ली, वर आणखी खाल्ली, आणि एकूण अर्ध्यापेक्षा कमी खाल्ली? इथे तो स्वतःच थांबेल. माझ्या वर्गात हा प्रश्न विचारल्यावर जी शांतता व्हायची ना, ती मला अजून आठवते, कारण त्या क्षणी मुलांना पहिल्यांदा वाटायचं की उत्तर बाईंनी चूक म्हटलं म्हणून चूक नाहीये, ते मुळातच बसत नाहीये.

आता छेद सारखे का करायचे ते. वरचा आकडा सांगतो तुकडे किती, खालचा सांगतो तुकडा केवढा. छेद म्हणजे कापणं, पोळी किती ठिकाणी कापली ते. घरात शेवेची पाकिटं असतीलच, इंदूरच्या घरात शेव नाही असं होत नाही. एक पाकीट अर्ध्या किलोचं, एक पाव किलोचं. पाकिटं किती? दोन. पण दोन काय? दोन अर्धे नाहीत, दोन पाव पण नाहीत. आपण काय करतो, अर्धा किलो म्हणजे दोन पाव, आणि एक पाव, झाले तीन पाव, पाऊण किलो. दुकानात उभं राहून आपण समच्छेदच करतो, फक्त वहीत लिहीत नाही. १/२ चं २/४ झालं, शेव तेवढीच राहिली, फक्त मोजायचा तुकडा लहान घेतला. त्याला आधी हे पाचपन्नास वेळा तोंडी करू द्या, एलसीएम हा शब्द दोन दिवस घरात काढूच नका.


इंजिनियर_इंदूरी

बाईंचं सगळं बरोबर आहे पण शनिवारी टेस्ट आहे हो. माझ्या मते तितली चांगली पाठ करून घ्या, आत्ता मार्क येऊ द्या, समज हळूहळू येते. मी पण असंच शिकलो आणि इंजिनियरिंग झालं.


बडोद्याची_मावशी

मी हे माझ्या नातीबरोबर गेल्याच महिन्यात केलं म्हणून लगेच लिहिते. आम्ही बडोद्याचे, तिच्या शाळेत गुजराती मीडियम, तिथे एलसीएमला लघुतम सामान्य अवयवी म्हणतात म्हणजे तुमच्यासारखाच शब्दांचा घोळ आमच्याकडे पण होताच.

मी नारळाच्या वड्या करत होते. सारख्या मापाचे दोन चौकोनी ट्रे होते, दोन्हीत सारण थापलं. तिला म्हटलं पहिल्या ट्रेचे उभे तीन सारखे भाग कर, दुसऱ्याचे आडवे चार. (तीन भाग करायला सुरी दोनदाच फिरते आणि चार भागांना तीनदा, मुलं इथे हमखास चुकतात, माझी नात पण चुकली, पुन्हा थापलं.) मग पहिल्यातली एक उभी पट्टी तुझी म्हणजे १/३, दुसऱ्यातली एक आडवी पट्टी तुझी म्हणजे १/४. दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या तर एक जाड आणि एक बारीक. तिला म्हटलं मोज. म्हणाली दोन. म्हटलं दोन काय? तर बघतच राहिली, कारण सारख्या नव्हत्या ना.

मग तिला म्हटलं आता असं काप की दोन्ही ट्रेमधल्या वड्या अगदी सारख्या निघतील. पहिली दहा मिनिटं काही सुचेना, मी पण गप्प बसले, भाजी चिरत बसले. मग तिनेच पट्टी परत ट्रेमध्ये ठेवली आणि पहिल्या ट्रेवर दुसऱ्यासारख्या आडव्या रेघा मारल्या आणि दुसऱ्यावर पहिल्यासारख्या उभ्या. दोन्हीत १२ वड्या झाल्या, एकसारख्या. आता उभ्या पट्टीत ४ वड्या, आडव्या पट्टीत ३, एकूण ७. एका ट्रेच्या १२ मधल्या ७. सातबारा, विसरायचंच नाही.

म्हणजे १/३ = ४/१२ आणि १/४ = ३/१२, हे तिने सुरीने काढलं, पेनाने नाही. दुसऱ्या दिवशी मी वहीत १/२ + १/५ दिलं तर चौकोन काढून उभे दोन आडवे पाच असे भाग केले आणि ५/१० + २/१० = ७/१० लिहून दिलं. एलसीएमचं नाव पण नाही काढलं.

आणि इंजिनियर भाऊ, राग नका मानू, पण तितलीने तीन अपूर्णांक आले की काय करायचं? १/२ + १/३ + १/४ ला कुठे तिरपं करणार? तिथे मुलं रडतात, मी बघितलंय.


लष्करचे_आजोबा

मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर भागात राहतो, वय ७८. मावशींनी लिहिलेलं वाचून फार बरं वाटलं. आमच्या लहानपणी हे शिकवायला वड्या लागल्या नाहीत कारण खिशातला रुपयाच शिकवायचा. एक रुपयाचे १६ आणे, एका आण्याचे ४ पैसे, एका पैशाच्या ३ पै, म्हणजे आण्याच्या १२ आणि रुपयाच्या १९२ पै. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि रुपयाचे १०० झाले, तेव्हा मी चौथीत होतो.

अर्धा रुपया आठ आणे, पाव रुपया चार आणे, पाऊण म्हणजे बारा आणे, हे पोरासोरांना तोंडी यायचं. आता तिसरा हिस्सा बघा. १६ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून तो आण्यात बसत नाही, पण पै मध्ये बसतो, १९२ चे तीन भाग म्हणजे ६४ पै, ५ आणे ४ पै. पाव रुपया ४८ पै. दोन्ही मिळून ११२ पै, म्हणजे ९ आणे ४ पै. ११२/१९२ ला १६ ने भागा, ७/१२ येतात. मावशींच्या नातीचंच उत्तर. आणि बघा, १०० पैशांच्या रुपयाचे तीन सारखे भाग आज होत नाहीत, ३३ पैसे आणि वर एक उरतो. कुठल्या हिश्शाला कुठलं माप चालतं आणि कुठलं नाही, हे जुन्या पैशांमुळे आपोआप कळायचं.

आमचे आजोबा संध्याकाळी दिवेलागणीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणून घ्यायचे, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीडचे पाढे. आता ते पाढे कोणी म्हणत नाही, पण पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तुमच्या घरात अजून आहेत ना, ते मुलाशी बोलताना आवर्जून वापरा. पाऊण म्हटलं की एक तुकडा कमी एवढं चित्र डोळ्यापुढे येतं, थ्री बाय फोर म्हटलं की फक्त दोन आकडे येतात. हे मला मनापासून वाटतं.

शब्दांच्या घोळाबद्दल एक सांगायचं आहे. हर आणि छेद एकच. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, इ.स. ११५० ची, भिन्न छेदांच्या बेरजेसाठी जो श्लोक आहे त्याची पहिली ओळ अशी: "अन्योन्यहाराभिहतौ हरांशौ राश्योः समच्छेदविधानमेवम्". म्हणजे एकाच्या हराने दुसऱ्याचे हर आणि अंश दोन्ही गुणायचे, की समच्छेद होतो. बघा, एकाच ओळीत हर पण आहे आणि छेद पण आहे. सासूबाईंचं पण बरोबर, ट्यूशनच्या सरांचं पण बरोबर. मुलाला ही ओळ दाखवा, त्याला आवडेल.


इंजिनियर_इंदूरी

आजोबा, हा श्लोक मला माहीत नव्हता, खूप छान. म्हणजे तितली ९०० वर्षं जुनी निघाली की, तिरपा गुणाकार तोच आहे. पण मग यात एलसीएम कुठे आला? ५/१२ + ७/१८ तितलीने केलं तर ९० + ८४ = १७४, खाली २१६, आणि मग १७४/२१६ ला छोटं करत बसायचं. मावशींचं तीन अपूर्णांकांचं म्हणणं पण पटलं, ते मी विचारात घेतलं नव्हतं.


लष्करचे_आजोबा

त्याच श्लोकाची दुसरी ओळ तेच सांगते. हर एकमेकांशी अपवर्तित करून, म्हणजे दोघांना सामाईक भागाने भागून, जे उरेल त्याने जाणत्या माणसाने गुणावं. १२ आणि १८ दोन्हींना ६ ने भाग जातो, उरले २ आणि ३. आता ५/१२ ला ३ ने गुणा, १५/३६. ७/१८ ला २ ने गुणा, १४/३६. बेरीज २९/३६. तुमचे १७४/२१६ ला ६ ने भागून बघा, तेच येतंय. पण इथे आकडे डोक्यात मावतात. भास्कराचार्यांनी पहिली पद्धत सगळ्यांसाठी दिली आणि दुसऱ्या ओळीत "सुधी" शब्द घातला, चांगल्या बुद्धीचा. मुलाला दोन्ही शिकवा, पण आधी वड्या, मग श्लोक.


गणिताच्या_बाई

आजोबा, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. वर्गात आम्ही उभी रेघ मारून १२, १८ ला २ ने, मग ३ ने भागत जातो आणि शेवटी सगळे गुणतो, २ × ३ × २ × ३ = ३६, तो लसावि. तेच आहे, फक्त मुलांना तो भागाकार वेगळाच धडा वाटतो कारण पुस्तकात तो आधी येतो आणि अपूर्णांक नंतर, मधला दुवा कोणी दाखवत नाही. ताई, तुमचा मुलगा "का" विचारतोय तो हाच दुवा मागतोय.

तितलीला माझा विरोध नाही, पण ती शेवटी यावी. आणि एक सवय आजपासून लावा, उत्तर काढायच्या आधी अंदाज सांगायचा. १/२ + १/३, अर्ध्यापेक्षा जास्त येणार की कमी? एकापेक्षा जास्त की कमी? एवढं तोंडी सांगितल्याशिवाय पेन हातात घ्यायचं नाही. २/५ सारखी उत्तरं तिथेच पकडली जातात.


इंदूरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री एक एक उत्तर त्याच्याबरोबर बसून वाचलं. मार्कांचं २९/२० त्याने स्वतः काढलं आणि एकदम म्हणाला, "अरे हां, पेपर बदलला ना, पोळी नाही बदलली." मला तर डोळ्यात पाणीच आलं, आठ दिवस मी रूल रूल करत होते.

श्लोक सासूबाईंनी त्याला म्हणून दाखवला, आता छेद म्हणजे हर हे पक्कं झालंय. पण आज सकाळी नवीनच अडचण. मी पोहे करत होते आणि म्हटलं घड्याळावर करू या, तासाची ६० मिनिटं. अर्धा तास ३०, तिसरा हिस्सा २०, झाले ५० मिनिटं, ५०/६० म्हणजे ५/६. त्याला हे इतकं आवडलं की स्वतःच १/२ + १/३ + १/६ केलं, ३० + २० + १०, पूर्ण तास! नाचतच सुटला. मग म्हणाला १/२ + १/७ करतो. आणि अडकला, कारण ६० ला ७ ने भाग जात नाही. म्हणतो घड्याळ फेल झालं. आता?


गणिताच्या_बाई

घड्याळ फेल नाही झालं, ६० मिनिटांचं घड्याळ या गणिताला लागू पडत नाही एवढंच, जसा आजोबांच्या १६ आण्यांत रुपयाचा तिसरा हिस्सा बसत नव्हता आणि त्यासाठी पै लागली. त्याला विचारा, २ ने पण भाग जाईल आणि ७ ने पण, असं सगळ्यात छोटं घड्याळ किती मिनिटांचं करशील? तो जो आकडा सांगेल तोच एलसीएम. आता तो शब्द घरात काढायला हरकत नाही.


इंदूरची_आई

बाई, वहीच्या मागच्या पानावर गोल काढून घड्याळ केलंय, १४ रेघांचं. अर्धं म्हणजे ७, सातवा हिस्सा म्हणजे २, आणि खाली लिहिलंय ९/१४. त्याच्या खाली १/३ + १/४ साठी १२ चं घड्याळ, मग ५/१२ + ७/१८ साठी ३६ चं काढायला घेतलं पण गोलात ३६ रेघा मावेनात, तर म्हणाला आई हे नुसतं मनातच धरतो, आणि १५ आणि १४ लिहून टाकले.